अत्तर अंगावर कसं बदलतं? ईद आणि निकाहच्या खरेदीआधी वाचण्यासारखं

ईदला पंधरा-वीस दिवस राहिले की पोलादपूर-महाडकडच्या घरांतून मुंबईला फोन जातात. येताना मोहम्मद अली रोडवरून अत्तर आण. दुबई-कुवेतवरून कुणी सुट्टीवर येणार असेल तर त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. दुकानात गेलं की दुकानदार हाताच्या मागच्या बाजूला काचेच्या काडीने थेंब लावतो. आपण लगेच तो नाकाशी नेतो, "मस्त आहे" म्हणतो आणि पैसे मोजतो. घरी येईपर्यंत तोच वास वेगळा लागायला लागतो. कधी उग्र, कधी औषधासारखा, कधी तर गायबच. मग "फसवलं" म्हणून आपण मोकळे होतो.

फसवणूक या धंद्यात आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. पण निम्म्या तक्रारी फसवणुकीच्या नसतातच. अत्तर अंगावर चढल्यावर बदलणारच, आणि आपण त्याच्या पहिल्या पाच मिनिटांवर पैसे देतो. निकाहच्या रुखवतात ठेवायची कुपी असो की मुलाने पहिल्या पगारातून अब्बांसाठी घेतलेलं ऊद असो, हजारो रुपयांचा मामला असतो. म्हणून कुठलं अत्तर अंगावर कसं वागतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

थेंब लावल्यापासून इशापर्यंत

कुठल्याही सुगंधात एकच वास नसतो, अनेक पदार्थांचे वास मिसळलेले असतात. त्यातले काही हलके असतात आणि लगेच उडतात, उदा. लिंबू-संत्र्याच्या सालीचा वास. काही मध्यम असतात, फुलांचे बहुतेक वास त्यात येतात. आणि काही जड असतात, चंदन, ऊद, वाळा, मुश्क, राळ. हे कातडीला आणि कपड्याला चिकटून बसतात आणि हळूहळू सुटतात. दुकानात आपल्याला येतो तो मुख्यतः पहिल्या, हलक्या पदार्थांचा वास. दिवसभर आपल्याबरोबर राहणार असतो तो तिसरा.

यासाठी आपल्याकडे घड्याळापेक्षा सोपं माप आहे. जोहरच्या आधी मनगटावर थेंब लावा. नमाज होईपर्यंत जो वास येतो तो पहिला भपका. असरला हात नाकाशी नेलात तर मधला वास मिळेल, आणि मगरीब-इशाला जे उरलं असेल ते त्या अत्तराचं खरं अंग.   (भपका हा शब्द गमतीचा आहे. मराठीत आपण अंगावर येणाऱ्या वासाला भपका म्हणतो, आणि उत्तर प्रदेशात कनौजला अत्तर ज्या तांब्याच्या भांड्यात जमा होतं त्याचं नावच भपका.)

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपलं नाक सततच्या वासाला थोड्या वेळात सरावतं. आपल्याला वास येईनासा झाला म्हणजे अत्तर उडालं असं नाही, शेजारच्याला तो येत असतो. "टिकत नाही" म्हणून पुन्हा पुन्हा लावणारे सफमधल्या बाकीच्यांचे हाल करतात ते यामुळेच. काही मुश्क तर काही लोकांच्या नाकाला जन्मतःच जाणवत नाहीत. म्हणून टिकतं की नाही हे घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारावं.

आपली हवा

दुबईत छान वाटलेलं अत्तर पोलादपूरला का खटकतं? तिथे माणूस बहुतेक वेळ एसीत असतो. अंग कोरडं आणि गार, त्यामुळे वास हळू सुटतो, आणि जाड, गोड, उदाचा अर्क असलेलं मुखल्लत, म्हणजे मिश्र अत्तर, तिथे शोभतं. आपल्याकडे मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात अंगाला घाम चिकटलेला असतो. उष्णतेने सुगंध भराभर सुटतो आणि घामात मिसळतो. गोड-जड अत्तराचा मग गोळा होतो, डोकं धरतं.

पटत नसेल तर आपल्या घराजवळच याची परीक्षा आहे. पोलादपूर स्टँडवर गुलाबाचं अत्तर लावा आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जा. तिथली उंची १,३७० मीटरच्या आसपास, हवा गार. खाली तासाभरात ओसरणारा गुलाबाचा ताजेपणा वर जास्त वेळ राहतो आणि त्याच्या मागचं चंदन उशिरा दिसतं. कुपी तीच, मनगटही तेच, हवा तेवढी बदलली.

पावसाळ्यात अडचण वेगळी. जून ते सप्टेंबर सावित्रीच्या खोऱ्यात कपडे धड वाळत नाहीत, त्यांना कुबट वास येतो. कुबट कपड्यावर अत्तर लावलं तर दोन्ही वास मिसळून तिसराच, आणखी वाईट वास तयार होतो. आधी कपड्याला लोबानची धुरी द्यावी किंवा इस्त्रीने तो पूर्ण कोरडा करावा, मग थेंब कातडीवर लावावा.

गुलाब, केवडा, मोगरा

गुलाब सगळ्यांना ओळखीचा, म्हणूनच त्यात नकली जास्त. गुलाबपाण्याचा इतिहास फार जुना आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी सुगंध आणि अर्क काढण्याच्या कृतींवर स्वतंत्र किताब लिहिली. आपल्या देशात बादशाह जहांगीरने आपल्या आठवणींत गुलाबाच्या तेलाचं श्रेय नूरजहाँची आई अस्मत बेगम यांना दिलं आहे. गरम गुलाबपाण्यावर तरंगणारा तवंग त्यांनी वेचून घेतला, आणि सलीमा सुलतान बेगमने त्याला इत्र-ए-जहांगिरी नाव दिलं.

चंदन तेलात उतरवलेलं गुलाब अत्तर लावताक्षणी थोडं मिरमिरीत, हिरवट लागतं. पंधरा-वीस मिनिटांत पाकळीचा गोडवा येतो, त्यात मधाची छटा असते. असरपर्यंत गुलाब मागे सरतो आणि दुधाळ चंदन उरतं. जे अत्तर सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच सुरात गुलाबच राहतं ते बहुधा रसायनाचं असतं. उमराहून येताना लोक ताइफच्या गुलाबाचं तेल आणतात. ताइफ मक्केच्या वरच्या डोंगरात, थंड हवेत आहे. तिथला गुलाब आपल्यापेक्षा जास्त तीक्ष्ण, थोडा लिंबासारखा चमकतो, आणि अगदी थोड्या तेलात खोली भरते.

केवडा आपल्या घरात आधी बिर्याणीतून येतो, नंतर कुपीतून. कोकणात खाडीकाठी केतकीची बनं आहेत, पण अत्तराचा केवडा मुख्यतः ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून येतो. तो अंगावर फारसा बदलत नाही. पहिल्या मिनिटाला जसा धारदार, गार आणि गोड, तसाच तो शेवटपर्यंत, फक्त आवाज कमी होत जातो. म्हणून एकच थेंब. दोन झाले की माणूस जर्द्याच्या पातेल्यातून उठून आल्यासारखा वाटतो.

मोगऱ्याचं उलट. गजरा संध्याकाळी माळताना जसा असतो तसा सकाळी उशाशी राहत नाही, त्यात एक आंबूस, अंगासारखा वास उतरतो. चांगल्या मोगरा-चमेलीच्या अत्तरातही हा दुसरा वास असतो. इंडोल नावाचा पदार्थ खऱ्या फुलातच असतो, त्याचा हा परिणाम. नवख्याला वाटतं अत्तर बिघडलं. खरं तर फूल अस्सल असल्याची ती एक खूण आहे.

वाळा आणि माती

माझ्या मते पोलादपूर-महाडच्या उन्हाळ्याला यांच्याइतकं काही जुळत नाही. वाळा म्हणजेच खस. माठात टाकतो तीच मुळं. तिच्या शुद्ध अर्काला रूह खस म्हणतात. तांब्याच्या भांड्यात काढल्यामुळे त्याला बरेचदा हिरवट रंग येतो. लावल्यावर ओल्या मातीचा, मुळांचा, जरा कडवट वास. बऱ्याच जणांना तो इथेच नावडतो आणि ते कुपी परत ठेवतात. थांबा. अर्ध्या तासाने कडवटपणा जातो आणि गार, गोडसर, लाकडाचा वास राहतो. तो घामातही बिघडत नाही आणि रात्रीपर्यंत टिकतो.

मिट्टीचं अत्तर कनौजची खास चीज. भाजलेल्या मातीच्या चकत्या देगेत, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात, पाण्याबरोबर तापवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या चंदन तेलात उतरते. पहिल्या पावसाच्या या वासावर ऑस्ट्रेलियाच्या बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली निबंध लिहून त्याला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. कनौजचे लोक तो वास कुपीत भरतात, याची नोंद त्यांनीही घेतली. अंगावर हे अत्तर पहिल्या दहा मिनिटांत जूनच्या पहिल्या सरीसारखं असतं. मग माती विरते, चंदन उरतं. हा क्षण लांबवायचा तर अंगापेक्षा रुमालाला लावावं.

हिना आणि शमामा: मसाल्याच्या डब्यातलं अत्तर

हिना म्हणजे मेंदी, आणि मेंदीच्या बारीक फुलांचं अत्तर निघतं ते गुल-हिना. पण दुकानात हिवाळ्यात 'हिना' म्हणून विकलं जातं ते बहुतेक वेळा मसाले, मुळ्या आणि चंदनाचं मिश्रण असतं, शमामाच्या जातीचं. त्यात काय असतं ते वाचलं तर आपल्या दादीला हसू येईल. लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, नागरमोथा, जटामांसी, कपूरकचरी, केशर, आणि दगडफूल! मटणाच्या मसाल्यात भाजतो तेच दगडफूल. देगेवर हे सगळं दिवसेंदिवस शिजतं.

लावताक्षणी वास येतो तो हकिमाच्या दुकानाचा. पहिला अर्धा तास सहन करावा लागतो, हे खरं सांगितलं पाहिजे. मग लवंगेची धार बोथट होते, केशर आणि गोडवा वर येतो. रात्री शालीत उरतो तो ऊबदार, लाकडासारखा, जरासा धुराचा वास, आणि तो दुसऱ्या दिवशीही असतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे फजरला जाताना हे लावावं. मे महिन्याच्या लग्नात लावू नये. आणि पांढऱ्या कुर्त्यावर मुळीच नाही. हिना गडद रंगाचा असतो, डाग जात नाही. मी एक कुर्ता असा घालवला आहे, ईदच्या सकाळी.

ऊद

सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. अगर नावाच्या झाडाच्या लाकडाला जखम होऊन बुरशी लागली की झाड स्वतःच्या बचावासाठी गडद राळ तयार करतं. ते राळेचं लाकूड म्हणजे ऊद, आणि त्याचा अर्क म्हणजे दहन-अल-ऊद. निरोगी झाडाला हा वास नसतो. आसाममधलं होजाई हे या धंद्याचं मोठं ठिकाण. तिथले हाजी अजमल अली मुंबईत आले आणि १९५१ साली त्यांनी अजमल हा व्यवसाय सुरू केला. पुढे तो आखातात पसरला. म्हणजे चुलतभाऊ दुबईहून जी कुपी अभिमानाने आणतो, तिच्यातल्या सुगंधाच्या धंद्याची एक वाट आसामातून मुंबईमार्गे तिकडे गेलेली आहे. जंगलातली झाडं कमी झाल्यामुळे अगरवर आता आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. त्यामुळे भाव आणखी चढले.

भारतीय, म्हणजे 'हिंदी' ऊद लावल्यावर पहिला वास येतो तो गोठ्याचा. खोटं नाही, गोठा, ओलं चामडं, आंबलेला चारा. अरब शौकीन याचसाठी पैसे मोजतात आणि आपली माणसं याचमुळे कुपी कपाटात टाकून देतात. वीस मिनिटं ते तास, एवढा वेळ द्या. गोठा मावळतो, धूर आणि मधाचा वास येतो. मग अखेरपर्यंत कोरडं, गंभीर लाकूड. कपड्याला लागला तर धुतल्यावरही राहतो. कंबोडियाकडचा ऊद सुरुवातीपासून गोड, पिकल्या फळासारखा असतो. पहिल्यांदा घेणाऱ्याला तोच सोपा जातो.

बाजारातला नव्वद टक्के ऊद म्हणून दिला जाणारा माल असतो तो रसायनाचा, असं दुकानदार खासगीत सांगतात. टक्का माझा नाही, त्यांचा आहे, पण एक हिशोब पक्का. खऱ्या ऊद तेलाचा तोळा हजारांच्या, चांगला असेल तर कितीतरी हजारांच्या घरात जातो. दोनशे-तीनशे रुपयांत तोळाभर 'अस्सल ऊद' मिळत नाही, कुठल्याही पाक शहरातून आणला असला तरी. रसायनाचा ऊद ओळखायचा तर वेळेवर ओळखा. तो पहिल्या मिनिटापासून गोड, गुळगुळीत असतो आणि रात्रीपर्यंत तसाच राहतो, गोठाही नाही आणि मधही नाही. तो आवडत असेल तर जरूर घ्या, त्यात वाईट काही नाही. फक्त अस्सलचा दाम देऊ नका.

मुश्क आणि अंबर

कस्तुरीमृग वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. म्हणून दुकानातला मुश्क एक तर रसायनाचा असतो, नाही तर मुश्कदाणा नावाच्या भेंडीच्या जातीच्या बियांचा. 'सफेद मुश्क' धुतलेल्या कपड्यासारखा स्वच्छ वाटतो, सुरुवात-मध्य-शेवट असं त्यात फार काही नसतं, हळूच येतो आणि रेंगाळतो. ऑफिस, कॉलेज, ट्रेन, सगळीकडे चालतो. अंबरचंही तसंच. व्हेल माशाच्या पोटातून निघणाऱ्या खऱ्या अंबरचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे, कोकण किनाऱ्यावर त्याच्या तस्करीत पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कुपीतलं 'अंबर' म्हणजे राळ, लोबान आणि व्हॅनिला यांचा गोड मेळ. तो तळाशी बसतो आणि हिवाळ्यात बरा वाटतो.

तरुण मुलं हल्ली नामांकित विलायती सेंटच्या नकलेचं तेल मागतात. स्प्रेमध्ये अल्कोहोल उडताना लिंबाचा, समुद्राचा ताजा वास चारी बाजूंना फेकतं. तेलात तो जोर नसतो. म्हणून नावाशी वास जुळतो, पण अंगावर तो बसून राहतो. अल्कोहोल असलेला स्प्रे लावून नमाज चालते का, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. आपल्या मौलानांना विचारून ठरवावं.

घेताना आणि लावताना

एका वेळी तीनपेक्षा जास्त अत्तरं हुंगू नयेत, नाक थकतं. एक मनगटाला, एक दुसऱ्या मनगटाला, एक कागदावर, आणि दुकानातून बाहेर पडा. चहा घ्या, नमाज पढा, मग ठरवा. घाई करणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नये. कागदावर तेलाचा डाग राहिला तर नकली, ही परीक्षा अर्धवट आहे. चंदन तेलावरचं अस्सल अत्तरही डाग ठेवतं. दामाचा विचार जास्त कामाचा. चंदन तेलाचा किलोचा भाव लाखाच्या वर आहे, तेव्हा शंभर रुपयांच्या कुपीत चंदन नसून डीईपी नावाचं वासहीन रसायन किंवा पॅराफिन असतं.

लावायची जागा म्हणजे मनगट, कानामागे, मानेच्या बाजूला. कोरड्या कातडीवर वास लवकर उडतो. आधी थोडं खोबरेल लावलं तर टिकतो, पण खोबरेलाचा स्वतःचा वास मिसळतो, म्हणून अगदी थोडं. मनगटावर मनगट घासायची गरज नाही. जुन्या माणसांचा कानाच्या पाळीतला कापसाचा फाया हा उत्तम उपाय आहे. कातडीला त्रास नाही, कपड्याला डाग नाही, वास सावकाश. लिंबू-बर्गमोटच्या वासाचं अत्तर लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी काळवंडू शकते, ते कपड्याच्या आत लावावं. नवं अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघावं. तान्ह्या बाळाला लावू नये, आणि घरात दम्याचा माणूस असेल तर बखूर, ऊद किंवा लोबानची धुरी त्याच्या खोलीत नको.

जुम्म्याला गुसल करून घरातलं सुगंध लावून जाणं सुन्नत आहे, आणि कुणी सुगंध दिला तर तो नाकारू नये, हेही आपण ऐकलेलं असतं. त्याच शिकवणीत कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असंही आहे. दुसऱ्याच्या नाकाची काळजी दोन्हीकडे आहे. पावसाळ्यात खिडक्या बंद असलेल्या मशिदीत ऊदचे चार थेंब लावून बसणाऱ्यांनी याचा विचार करावा.

हज-उमराला निघणाऱ्यांनी कुप्या सामानाच्या तळाशी ठेवाव्यात. इहरामच्या हालतीत सुगंध वर्ज्य आहे, सुगंधी साबण आणि तेलसुद्धा. परत आणलेल्या कुप्या खिडकीत मांडू नयेत. उजेड आणि उष्णतेने गुलाब-केवड्याचे हलके वास आधी मरतात. काचेची कुपी, घट्ट बूच, कपाटाचा अंधार. चंदन, ऊद आणि शमामा तिथे वर्षानुवर्षं राहतात आणि पहिली धार जाऊन मऊ होतात. लिंबाच्या जातीची अत्तरं मात्र वर्षभरात संपवावीत.